आचऱ्याचा घरगुती खेळ

चित्रपट पडला की लोक निर्मात्याला भेटायला जातात, दिग्दर्शकाला फोन करतात. संकलकाला कुणी काही विचारत नाही. आमचा मराठी चित्रपट दिवाळीच्या आधी लागला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत उतरला. वर्षभर अंधाऱ्या खोलीत बसून तो मी कापला आणि जोडला होता, पण मला फोन आला तो एकाच माणसाचा. आचऱ्याहून, सुलभावैनींचा.

"मेधा, आमचो पिक्चर खंय आसा गो?"

'आमचो' म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. सगळं चित्रीकरण आचऱ्यात झालेलं. वैनींची तिथे नाक्यावर खानावळ आहे, युनिटचं जेवण त्यांच्याकडेच असायचं. एका सकाळी मासेवालीशी त्यांचं कडाक्याचं वाजलं ते आमच्या दिग्दर्शकाने, नंदनने, ऐकलं आणि नायिकेच्या शेजारणीचं काम त्यांना देऊन टाकलं. बंदरावरच्या गर्दीच्या प्रसंगात तर सगळा गाव उभा होता. आणि त्या गावाने चित्रपट पाहिलेलाच नव्हता, कारण त्या बाजूच्या एकाही पडद्यावर तो लागला नाही.

का लागला नाही, ते मी वैनींना समजावायचा प्रयत्न केला. त्याच शुक्रवारी एक मोठा हिंदी चित्रपट आला. त्याच्या वितरकाने थिएटरवाल्यांना सांगितलं, सगळे खेळ द्या, नाहीतर चित्रपटच मिळणार नाही. थिएटरवाल्याचाही नाइलाज, त्याला पुढचे मोठे चित्रपटही त्याच माणसाकडून घ्यायचे असतात. आमच्या वाट्याला आले कामाच्या दिवशी सकाळचे खेळ, तेही शहराबाहेरच्या मॉलमध्ये. माणसं कचेरीत असताना चित्रपट दाखवायचा आणि मग म्हणायचं, मराठी प्रेक्षक येत नाही. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी प्रोजेक्शनचं भाडं निर्मात्यानेच भरायचं. सरकारी अनुदानाची फाइल मुंबईत कुठल्यातरी टेबलावर. मध्येच एका पक्षाचे शाखाप्रमुख आमच्या निर्मात्याकडे, शिरीषदादांकडे, येऊन बसले. म्हणाले, मराठीवर अन्याय होतोय, उद्या मॉलच्या काचा फोडतो, फक्त पोस्टरवर साहेबांचा फोटो टाका. शिरीषदादांनी त्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं.

वैनींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तां सगळा खरा गो," त्या म्हणाल्या. "पण आमी कधी बघूचो?"

नंदन तेव्हा कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हता. म्हणून चित्रपटाची डिस्क पिशवीत घालून मीच निघाले.

आचरा

कणकवलीला उतरले तेव्हा उजाडत होतं. आचऱ्याच्या एसटीत मला खिडकी मिळाली आणि शेजारी एक मावशी मिळाल्या. मी डिस्कची पिशवी तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन बसले होते. मावशींनी आपली सुक्या बांगड्यांची पिशवी बिनधास्त तिच्यावर टेकवली आणि झोपी गेल्या. त्या पिशवीचा वास अजून गेलेला नाही.

भात कापून झालं होतं. मळ्यांमध्ये कुळथाची कोवळी पानं वर आली होती आणि त्यांच्यावर दव. चित्रीकरण आम्ही भर उन्हाळ्यात केलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यातला आचरा पिवळाधमक, घामेजलेला होता. वर्षभर ज्या गावाची एकेक चौकट मी मागेपुढे करून पाहिली, ते मला बसमधून ओळखू येईना.

वैनी दारातच होत्या. "इलंस? मगे आदी पेज घे," एवढंच बोलून आत गेल्या. आमच्या पुण्यात पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारतात, इथे विचारण्याची भानगड नाही. उकड्या तांदळाची गरम पेज, वर खोबऱ्याचं तेल घातलेली चुलीत भाजलेल्या सुक्या बांगड्याची चटणी. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा कुठे त्यांनी चित्रपटाचा विषय काढला.

पडदा आणि प्रोजेक्टर सोडून सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती. खेळ परवा संध्याकाळी, देवळाजवळच्या मोकळ्या जागेत. जागेसाठी गावकऱ्यांनी देवाला कौल लावला होता आणि कौल उजवा मिळाला होता. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही मुंबईला किती खेपा घातल्या ते मला आठवलं. इथल्या देवाने चित्रपट न बघताच पास केला.

एकच अडचण होती, आणि तिचं नाव होतं भाऊ. भाऊ जिल्हा परिषदेला उभे राहणार होते. खेळाची बातमी कळताच त्यांनी मोठा बॅनर छापून घेतला. त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली, 'गावासाठी सादर करीत आहेत'. शिवाय आधी त्यांचं छोटंसं भाषण. हे कळल्यावर त्यांच्या विरोधातल्या वाडीने निरोप पाठवला, बॅनर लागला तर आमच्याकडचं एकही माणूस येणार नाही.

"आणि त्या वाडयेतलेच निम्मे पिक्चरात आसत," वैनी म्हणाल्या. "भाऊक नको म्हणूचा तर तो वायट माणूस नाय. गेल्या पावसात माज्या छपराक त्येनाच पत्रे दिल्यान."

त्या शाखाप्रमुखांना चहावर वाटेला लावता आलं होतं. इथे पत्र्यांचा प्रश्न होता.

जामसंडे

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर आणि पडदा ठरवायला मी जामसंड्याला गेले. तिथे गुरुनाथ म्हणून एक मंडपवाले आहेत. लग्न, वाढदिवस, क्रिकेटचे सामने, सगळ्याला पडदा त्यांचाच. त्यांनी गोदामातून पडदा काढून अंगणात पसरला. एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता.

"लग्नातलो आसा," ते ओशाळून म्हणाले. "धुवून जाणा नाय."

मी म्हटलं, असू दे. तेवढ्यात शिरीषदादांचा फोन आला.

त्यांचा आवाज कित्येक दिवसांनी हलका वाटला. एका मोठ्या ओटीटी कंपनीला चित्रपट हवा होता. त्यांनी पाहिला, त्यांना आवडला. दोन अटी होत्या. करार होईपर्यंत चित्रपटाचा कुठेही जाहीर खेळ करायचा नाही. आणि मालवणी संवाद सगळ्यांना कळेल अशा मराठीत पुन्हा डब करायचे.

"नायिका पुण्याचीच आहे, ती करेल," शिरीषदादा म्हणाले. "शेजारणीसाठी ते मुंबईची एखादी नटी घेऊ म्हणतायत. मेधा, तो उद्याचा खेळ थांबव. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकलं तर सगळं बोंबलेल."

मी त्यांना काही सुनावू शकले नाही. या माणसाने फरशांच्या धंद्यात मिळवलेलं सगळं या चित्रपटात घातलं होतं, आणि पडल्यावर आमच्यातल्या एकालाही शब्दाने बोलले नव्हते. नंदनचा पुढचा चित्रपट होणार की नाही, तेही यावरच होतं. मी एवढंच म्हटलं, संध्याकाळपर्यंत कळवते.

गुरुनाथ पडद्याची घडी घालत होते. "काय झाला ताईनु? न्हेतास मां?"

"नेते," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

मिठबाव

परतीच्या वाटेवर मिठबावला वैनींचं माहेर लागतं. त्यांचे बंधू बाबलदादा यांच्याकडे खापरोळ्या खाऊन यायची मला सक्त ताकीद होती. खापरोळ्या म्हणजे जाड, जाळीदार घावन, गुळाच्या नारळरसात बुडवलेलं. घशाखाली काही उतरेल असं वाटत नव्हतं. उतरलं.

बाबलदादांची हापूसची बाग समुद्राच्या अंगाला आहे. काही झाडांना मोहोर धरायला लागला होता. झाडांखालून फिरताना त्यांनी माझा चेहरा ओळखला आणि काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आमच्या आंब्यासारख्याच," ते म्हणाले. "झाड माझा, फवारणी माझी, पेटी माझी, गाडीभाडा माझा. आणि भाव कोण ठरवता? वाशीचो दलाल. थंय रुमालाखाली बोटां दाबतत आणि माका फोनार सांगतत, यंदा माल बरो नाय."

"मग काय करता तुम्ही?"

"काय करतलंय? बराचसो माल वाशीकच धाडतंय. पोटाक होयो मां. थोड्यो पेट्यो मात्र वळखीच्या लोकांका थेट धाडतंय, माज्या नावान." थोडं पुढे गेल्यावर ते थांबले. "पण एक सांगतंय. दुसरीकडचो आंबो देवगडच्या पेटयेत घालून इकतत, म्हणान आमी बोंब मारतंव. तुमचा तर उलटाच. आंबो हयलो, आणि वर पेटी दुसऱ्याची."

ते हसले, मीही हसले. पण आता हे सुलभावैनींना सांगायचं होतं, आणि आचरा जवळ येत चालला तसं रिक्षातून उतरून चालत जावंसं वाटू लागलं.

पुन्हा आचरा

वैनी मागच्या पडवीत पाट्यावर मसाल्याचं वाटप वाटत होत्या. मिक्सर होता, पण बांगड्याच्या तिखल्याला पाटाच लागतो असं त्यांचं मत. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आधी खेळाचं, मग आवाजाचं.

वरवंटा थांबला.

"माझो आवाज काढतले?"

"हो."

"आणि तोंड माझाच रवतला?"

"हो, वैनी."

त्या पुन्हा वाटायला लागल्या, आधीपेक्षा सावकाश.

"तुमचो धंदो आसा, माका समजता. मी पण धंदोच करतंय. मुंबैचे पावणे इले की तिखट कमी घालतंय. नायतर ते जेवचे नाय आणि माजी चूल पेटाची नाय. पण म्हणान घरातल्यांच्या ताटात मी तिखट कमी करणंय नाय." त्यांनी वाटप गोळा करून वाटीत काढलं. "त्यांका काय होया तां करूंदेत. पण गावान माका पयल्यांदा बघूचा, तां माज्याच आवाजात."

"पण खेळच करता येत नाही ना."

"जाहीर करूक नाय, असाच म्हणतत मां? मगे जाहीर कित्याक करूचो? लग्नाची कॅसेट आपण घरात बसान बघतंव. ती बघूक कोणाची परवानगी लागता? ज्येंची लग्नात पंगत होती, त्येंका बोलवूचा."

मी लगेच शिरीषदादांना फोन लावला. म्हटलं, जाहीर खेळ नाही. कलाकारांसाठी खासगी खेळ, वैनींच्या अंगणात. मग त्यांनी विचारलं, "फक्त कलाकार?"

"कलाकार आणि त्यांच्या घरचे."

"मोबाइल आत न्यायचे नाहीत."

"नाही नेणार."

"किती कलाकार आहेत तिथे?"

"दादा, बंदरावरचा सीन आठवतोय का तुम्हाला?"

ते हसायला लागले. पडल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं. "तू आणि ती बाई मिळून मला खड्ड्यात घालणार," ते म्हणाले. "कर. पण कंपनीला मीच कळवतो. चोरून नको."

त्यांनी कळवलं. कंपनीतल्या मुलीने कलाकारांच्या खासगी खेळाला हरकत नाही असं लेखी दिलं. कलाकार म्हणजे गावच आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं की नाही, ते शिरीषदादांनी मला कधी सांगितलं नाही.

भाऊंचा प्रश्न मात्र आपोआप सुटला. खेळ जाहीर नाही म्हटल्यावर बॅनर लावायला जागाच उरली नाही. ते स्वतः दुसऱ्या दिवशी दुपारी विचारपूस करायला आले. पांढराशुभ्र सदरा, पण बोलणं साधं.

"वैनी, म्हणजे आता फक्त पिक्चरातले?"

"पिक्चरातले आणि त्येंच्या घरातले. भाऊ, तुमी खंय आसास पिक्चरात?"

भाऊ विचारात पडले. बंदरावरच्या चित्रीकरणाच्या दिवशी ते जिल्ह्याच्या कचेरीत, ओरोसला होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "माजी जीप आसा."

होती खरी. गर्दीच्या मागे, नारळाखाली, पुरा वेळ. एक चौकट वाचवण्यासाठी मी ती जीप काढायची किती धडपड केली होती, ते मी बोलले नाही.

"मगे येवा," वैनी म्हणाल्या. "जीपच्या घरातले म्हणान."

त्याच संध्याकाळी खारं वारं सुटलं आणि गुरुनाथांचा पडदा शिडासारखा फुगला. नुसता पांढरा पडदा असतानाच समोरची पोरं हसायला लागली. दोऱ्या ताणून पाहिल्या, जमेना. शेवटी शेजारी राहणाऱ्या मच्छीमार तारींनी आपलं जुनं जाळं आणून पडद्यामागे आवळून बांधलं. वारा जाळ्यातून जायला लागला आणि पडदा बसला. दिवेलागणीला अंगण भरलं. ते पुरेना म्हणून माणसं पडवीत, कुंपणाच्या दगडी गडग्यावर आणि रस्त्यापलीकडच्या ओट्यावर बसली. दाराशी एका टोपलीत मोबाइल गोळा होत होते, आणि विरोधी वाडीतल्या म्हातारबाबांनी आपला फोन टोपलीशी उभ्या असलेल्या भाऊंच्या हातात दिला. "ठेव रे तू," म्हणाले.

मी प्रोजेक्टरशेजारी उभी होते. पुण्यात पहिल्या दिवशी चित्रपट पाहिला तेव्हा रिकाम्या खुर्च्यांमध्ये आमचीच माणसं होती आणि मला वातानुकूलन यंत्राचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. इथे पहिल्याच चौकटीला गलका झाला, कारण तिच्यात गावातल्या पांडूची बकरी होती. मग कोण कुठे दिसतंय याचा गजर. ज्या संथ दृश्यावरून माझं आणि नंदनचं महिनाभर भांडण झालं होतं, त्यात माणसं पोट धरून हसली, कारण मागे रापणीचं जाळं ओढत चालणारा माणूस कॅमेऱ्याकडे बघत होता. दीड वर्षात आमच्या कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

मग हळूहळू आवाज थांबले. गोष्टीतल्या नायिकेचा नवरा मासेमारीहून परतत नाही आणि शेजारीण तिच्या दारात येऊन बसते, तिथपर्यंत सगळं अंगण गप्प झालं. नावं घ्यायची थांबली. पडद्यावर आता सुलभावैनी नव्हत्या, ती शेजारीण होती. माझ्या पुढे बसलेल्या दोन बायका पदर तोंडाशी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या घरातले पुरुष बोटीवर जातात, हे मला नंतर कळलं.

वैनी मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी, माणसांकडे तोंड करून उभ्या होत्या.

संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत. माणसं उठली, चटया झटकल्या. एकेक बाई वैनींकडे जाऊन त्यांचा हात धरत होती आणि पुढे जात होती. भाऊ सगळ्यांना मोबाइल परत देत होते. भाषण करायचं ते विसरले असावेत, किंवा त्यांनी ते करायचं नाही असं ठरवलं असावं. मी त्यांना बरा माणूस समजते, म्हणून दुसरं धरते.

सकाळी मी निघताना वैनींनी कोकमं, कुळथाचं पीठ आणि लोणच्याची एक बरणी माझ्या पिशवीत कोंबली. मग अचानक म्हणाल्या, "मेधा, तुमच्या त्या कंपनीला सांग, मुंबईची बाई आणायची गरज नाही. माझा आवाज मीच देईन. तहसील कार्यालयात मी अशीच बोलते. चालेल का त्यांना?"

मी चकित होऊन बघत राहिले. एकही शब्द मालवणी नव्हता. त्या हसल्या. "काय गो? हापिसात गेल्यार काय मी मुकी बसतंय?"

पुणे

कंपनीने वैनींचा आवाज ऐकून मान्यता दिली आणि थंडी ओसरताना त्या पुण्याला आल्या. माझ्या घरी राहिल्या. आमच्या आमटीत गूळ का घालतात, असं त्यांनी पहिल्या जेवणाला विचारलं आणि दुसऱ्या जेवणाचा ताबा घेतला. शेजारच्या जोशीकाकूंकडे त्या न विचारता जाऊन बसल्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या घरात आतपर्यंत कधी गेले नव्हते.

डबिंगला नंदन आणि मी काचेच्या अलीकडे होतो, वैनी पलीकडे, कानाला हेडफोन लावून. पडद्यावर आपलंच तोंड बघायचं आणि त्या ओठांवर दुसरे शब्द बसवायचे, हे भल्याभल्यांना जमत नाही. वैनींनी एकेक प्रसंग नीट केला. स्वच्छ, कचेरीतली मराठी. नंदन मान डोलावत होता, पण खूश दिसत नव्हता. कुणीच नव्हतं. धंदा होता, तो आम्ही करत होतो.

शेवटी तो बंदरावरचा प्रसंग आला. होड्या परतल्यात, नायिकेच्या नवऱ्याची एक आलेली नाही. शेजारीण पाण्यात गुडघाभर शिरते आणि त्याला हाक मारते. मूळ चित्रपटात तिथे वैनी ओरडल्या होत्या, "खंय रे गेलंस?" एवढंच.

आता लिहून दिलं होतं, 'कुठे रे गेलास?' वैनींनी एकदा म्हटलं. नंदन म्हणाला, पुन्हा. पुन्हा म्हटलं. आवाज बरोबर होता, ओठ जुळत होते, काही चुकत नव्हतं. तिसऱ्यांदा पडद्यावर ती पाण्यात शिरली आणि वैनी बोलल्याच नाहीत. चौकट पुढे निघून गेली.

"वैनी, दमलात का?" मी माइकवर विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"दमलंय नाय गो. पण असा इचारल्यार तो ओ देवचो नाय."

नंदनने माझ्याकडे पाहिलं. मग रेकॉर्डिस्टला सांगितलं, तिथला मूळचा आवाज आहे तसा ठेव, कंपनीशी मी बोलतो. आणि वैनींना म्हणाला, झालं, बाहेर या.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्याने उठून त्यांना आपली खुर्ची दिली.